परत मागवलेली वस्तू घराबाहेर का जात नाही

एखादी कंपनी आपले उत्पादन बाजारातून परत मागवते, तेव्हा त्या घोषणेबरोबर धोकाही संपला असे आपण गृहीत धरतो. दुकानांच्या फळ्यांवरून माल उतरतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात, संकेतस्थळावर एक सूचना लागते आणि विषय मागे पडतो. प्रत्यक्षात त्या वस्तूचे कितीतरी नग तोवर लोकांच्या घरी पोहोचलेले असतात. कपाटात, पलंगाखाली, औषधांच्या डब्यात, गाडीच्या स्टिअरिंगमध्ये. दुकानातला माल परत घेणे त्या मानाने सोपे, कारण त्याची नोंद असते. घरातली वस्तू परत जायची तर आधी सूचना कानावर यावी लागते, मग ती आपल्याच वस्तूविषयी आहे हे ओळखता यावे लागते आणि ओळखल्यावर उठून काहीतरी करावे लागते. अशा सूचना मी बरीच वर्षे नियमाने वाचत आले आहे. या तिन्हींपैकी मधली पायरी सर्वांत दुर्लक्षित आहे, असे माझे मत झाले आहे.

या विषयातली सर्वांत जुनी आणि आजही तितकीच अस्वस्थ करणारी घटना १९३७ सालची, अमेरिकेतली आहे. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध द्रवरूपात देता यावे म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉल या द्रावकात विरघळवले, त्याला रासबेरीचा स्वाद दिला आणि बाजारात आणले. विक्रीपूर्वी विषारीपणाची चाचणी करण्याचे बंधन त्या काळच्या कायद्यात नव्हते आणि कंपनीने ती केलीही नाही. हे द्रावक मूत्रपिंडे निकामी करणारे विष निघाले. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत लहान मुले बरीच होती. कंपनीने विक्रेत्यांना आणि डॉक्टरांना हजाराहून अधिक तारा पाठवल्या, पण त्यांत एवढेच म्हटले होते की माल परत करा; तो प्राणघातक आहे याचा उल्लेखच नव्हता. अन्न व औषध प्रशासनाने आग्रह धरल्यावर दुसऱ्यांदा तारा गेल्या आणि त्यांत हे औषध जिवाला धोकादायक ठरू शकते असे स्पष्ट लिहिले गेले.

तारांवर विसंबून न राहता प्रशासनाने आपले जवळपास सगळे क्षेत्रीय निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ, म्हणजे २३९ माणसे, या कामाला लावली. त्यांनी दुकानांतल्या विक्रीच्या चिठ्ठ्या चाळल्या, डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शने तपासली आणि एकेका बाटलीचा माग काढत ते लोकांच्या दारापर्यंत गेले. एक कुटुंब औषध घेतल्यानंतर डोंगराळ भागात राहायला गेले होते; त्या घरातल्या तीन वर्षांच्या मुलाचा शोध घेण्यासाठी एका डॉक्टरने स्वतःचे लग्न पुढे ढकलले. बाजारात गेलेल्या २४० गॅलनपैकी २३४ गॅलन आणि एक पाइंट एवढे औषध अशा रीतीने हाती लागले. जे हाती लागले नाही, ते पोटात गेले होते. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता दाखवणे बंधनकारक करणारा कायदा तिथे झाला.

हेच विष पंच्याऐंशी वर्षांनंतरही औषधांत दिसले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गाम्बियात सापडलेल्या खोकल्याच्या आणि सर्दीच्या चार सिरपविषयी इशारा दिला. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल प्रमाणाबाहेर होते. पुढच्या काही महिन्यांत निदान सात देशांतून अशाच दूषित औषधांची माहिती पुढे आली आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने तीन देशांतल्या तीनशेहून अधिक मृत्यूंचा उल्लेख केला, बहुतेक मुले पाच वर्षांखालची. चाचणीची साधने आणि कायदे आज कितीतरी पुढे गेले आहेत, पण सूचना निघाल्यानंतर औषधाच्या डब्यातली बाटली कोण उचलून पाहणार, हा प्रश्न १९३७ इतकाच आजही उघडा आहे.

वस्तू कुठे आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असेल तर काय घडू शकते, याचे उदाहरण सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट ७ या फोनचे आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, सप्टेंबरमध्ये फोन परत मागवले गेले, बदलून दिलेले फोनही पेटू लागले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवावे लागले. तरीही जानेवारी २०१७ पर्यंत विकलेल्या सुमारे तीस लाख फोनांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक परत आल्याचे कंपनीने सांगितले. फोनवर थेट संदेश पाठवता येतो, सॉफ्टवेअर बदलून त्याचे चार्जिंग मर्यादित करता येते, विमानात तो नेऊ दिला जात नाही. पाळण्याला, कपाटाला, औषधाच्या ट्यूबला असे काहीच करता येत नाही.

फिशर-प्राइसचा ‘रॉक अँड प्ले’ हा तान्ह्या बाळांसाठीचा तिरपा झुलता बिछाना एप्रिल २०१९ मध्ये परत मागवला गेला. सुमारे सत्तेचाळीस लाख नग विकले गेले होते. तिरप्या बिछान्यात बाळाची मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग दबतो. शिवाय बाळ कुशीवर किंवा पालथे वळले तर त्याला स्वतःला सावरता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला हीच सूचना पुन्हा काढावी लागली, कारण पहिल्या घोषणेनंतरही निदान आठ बालके त्या बिछान्यात दगावल्याचे कळवले गेले होते. ही आठ मुले माझ्या मनातून जात नाहीत. वस्तू धोक्याची आहे हे जाहीर झाले होते, वर्तमानपत्रांत आले होते, दुकानांतून ती नाहीशी झाली होती. पण बाळाच्या वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जातात. बहिणीकडून भावाकडे, शेजारणीकडून मैत्रिणीकडे, जुन्या वस्तूंच्या विक्रीतून अनोळखी माणसाकडे. या प्रवासात खोका राहत नाही, माहितीपत्रक राहत नाही आणि सूचना वाचणारा माणूस वेगळा, तर वस्तू वापरणारा वेगळा, अशी स्थिती होते.

म्हणूनच वस्तूची ओळख वस्तूबरोबर राहिली पाहिजे, हा माझा आग्रह आहे. सूचनेत ब्रँडचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पण निर्णय लागतो तो खालच्या बारीक ओळींवर: मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, बॅच नंबर, उत्पादनाचा कालावधी आणि हे आकडे वस्तूवर नेमके कुठे शोधायचे याची माहिती. नेमके हेच आकडे आपण वापराच्या ओघात नष्ट करत असतो. मलमाची ट्यूब घ्या. तिचा बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख बहुधा शेपटाकडच्या चपट्या पट्टीवर दाबून उठवलेली असते, पुष्कळदा शाईशिवाय, त्यामुळे ट्यूब उजेडात तिरपी धरल्याशिवाय ती वाचता येत नाही. आणि आपण ट्यूब तिथूनच गुंडाळायला सुरुवात करतो, त्यामुळे पहिल्याच घडीत आकडे आत जातात. गोळ्यांच्या पट्टीवर ही माहिती अनेकदा एकाच टोकाला असते आणि त्याच टोकाकडच्या गोळ्या आधी संपवल्या की उरलेल्या पट्टीवर औषधाचे अर्धवट नाव तेवढे उरते. उलट टोकाकडून सुरुवात केली तर शेवटच्या गोळीपर्यंत नंबर शाबूत राहतो. पाकिटातला पदार्थ डब्यात ओतला की त्याचे नाव-गाव संपते. म्हणून पाकिटाचा नंबर असलेला तुकडा कापून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवणे मला सोयीचे वाटते.

विजेच्या उपकरणांचे थोडे वेगळे आहे. त्यांच्या तळाला किंवा मागे एक छोटी पट्टी असते, तीवर मॉडेल, सिरीयल नंबर, व्होल्टेज आणि वॉट लिहिलेले असतात. उपकरण भिंतीला टेकवून ठेवण्याआधी, नवे असतानाच, या पट्टीचा फोटो काढून ठेवावा. चार्जरची पट्टी वेगळी असते, तिचाही काढावा, कारण कित्येकदा परत मागवला जातो तो चार्जर किंवा वायर, मूळ उपकरण नव्हे. पावतीचाही फोटो हवा, कारण उष्णतेने उमटणारी छपाई काही महिन्यांत पुसट होते. मुलांच्या कार सीटच्या खाली किंवा मागे उत्पादनाच्या तारखेचा स्टिकर असतो. ज्या वापरलेल्या सीटवर तो स्टिकर नाही, ती मी कोणाकडूनही घेणार नाही आणि कोणाला देणारही नाही. नोंदणीचे कार्ड किंवा ऑनलाइन अर्ज भरणे कंटाळवाणे वाटते आणि त्यातून जाहिराती येतील अशी शंकाही असते, ती रास्त आहे. तरीही मुलांच्या वस्तू, गाडी आणि वैद्यकीय उपकरण यांची नोंदणी मी टाळत नाही.

सूचना हातात आल्यावर ती कशी वाचावी, याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेतले अन्न व औषध प्रशासन परत मागवण्याचे तीन वर्ग करते. पहिल्या वर्गात गंभीर इजा किंवा मृत्यू संभवतो, दुसऱ्यात तात्पुरता किंवा बरा होणारा त्रास संभवतो, तिसऱ्यात आरोग्याला अपाय होण्याची शक्यता नसते पण नियम मोडलेला असतो. युरोपात ‘सेफ्टी गेट’ या व्यवस्थेतून धोकादायक उत्पादनांची माहिती दर आठवड्याला प्रसिद्ध होते आणि निरनिराळ्या देशांच्या सूचना एकत्र शोधता याव्यात म्हणून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने २०१२ पासून एक जागतिक पोर्टल चालवले आहे. एखादी सूचना मुख्यत्वे ‘स्वेच्छेने’ आणि ‘केवळ खबरदारी म्हणून’ काढल्याचे लिहिलेले असते, तेव्हा वाचणारा सैल पडतो. अनेक देशांत बहुतेक वस्तू कंपनीच स्वेच्छेने परत घेते, अतिशय गंभीर दोष असतानाही. तेव्हा त्या शब्दांवरून धोक्याचे माप काढू नये. धोका काय, कोणाला आणि वापर लगेच थांबवायचा की नाही, या ओळी आधी वाचाव्यात.

वापर थांबवायचा की नाही, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नसतो. जुलै २०१८ मध्ये वॅल्सार्टन या रक्तदाबावरच्या औषधाच्या काही साठ्यांत एनडीएमए हा कर्करोगकारक ठरू शकणारा पदार्थ आढळला आणि अनेक देशांत गोळ्या परत मागवल्या गेल्या. त्या वेळी नियामकांनी रुग्णांना आवर्जून सांगितले होते की पर्यायी औषध मिळेपर्यंत गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अशा अशुद्धीचा धोका दीर्घकाळ घेत राहण्यातून वाढतो, तर रक्तदाबाची गोळी एकाएकी थांबवण्याचा परिणाम काही दिवसांतच दिसू शकतो. जून २०२१ मध्ये फिलिप्सने झोपेतल्या श्वासरोधासाठी वापरली जाणारी सीपॅप यंत्रे आणि काही व्हेंटिलेटर परत मागवले, कारण आवाज कमी करणारा आतला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासावाटे जाऊ शकत होते. तिथेही यंत्र बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक होते, विशेषतः ज्यांचे आयुष्य व्हेंटिलेटरवर अवलंबून होते त्यांच्यासाठी. मार्च २०२२ मध्ये त्या कंपनीला सर्व संबंधितांना नीट कळवण्याचा आदेश अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावा लागला, कारण बऱ्याच रुग्णांपर्यंत माहिती पोहोचलीच नव्हती.

याउलट, ‘आम्ही ते खाल्ले आणि कोणाला काही झाले नाही’ या युक्तिवादाला खाद्यपदार्थांच्या बाबतीत काही आधार नाही. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि त्याची लक्षणे दिसायला काही वेळा सत्तर दिवसांपर्यंत लागतात. गरोदर स्त्रीला साधा ताप येऊन जातो, पण गर्भ दगावू शकतो. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तयार मांसपदार्थातून पसरलेल्या साथीत हजाराहून अधिक रुग्ण आढळले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. असा पदार्थ परत मागवला गेला, तर पाकीट फेकून भागत नाही. फ्रिजचा तो कप्पा, सुरी आणि फळीही धुवावी लागते. खाद्यपदार्थ परत मागवण्याचे एक अगदी नेहमीचे कारण म्हणजे लेबलवर न लिहिलेला शेंगदाणा, दूध किंवा तत्सम घटक. ज्या घरात ॲलर्जी नाही, त्या घराला ही सूचना क्षुल्लक वाटते. ज्या घरात आहे, तिथे ती पहिल्या वर्गाची असते.

काही धोके असे आहेत की वस्तूत कोणताही दोष नसतो, कोणी ती परत मागवत नाही, आणि तरी घरात तितकीच दक्षता लागते. त्यांत मी सर्वांत वर ठेवते ती नाण्यासारखी चपटी बॅटरी, जी रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाणाऱ्या शुभेच्छापत्रात, छोट्या दिव्यांत असते. सुमारे वीस मिलिमीटर व्यासाची तीन व्होल्टची लिथियम बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली की ओलसर ऊतींतून प्रवाह वाहू लागतो, ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका खोल भाजू शकते. बॅटरी फुटण्याची किंवा गळण्याची गरज नसते. रिमोट चालवायला निकामी झालेली बॅटरीसुद्धा एवढा प्रवाह देऊ शकते. मूल लाळ गाळते, खायला नको म्हणते, खोकते. गिळताना कोणी पाहिले नसेल तर ती सर्दी वाटते. शंका आली तरी थेट रुग्णालयात न्यावे आणि एक्स-रे काढण्याचा आग्रह धरावा. उलटी करवू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळून बारा तास झालेले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देण्याची शिफारस विषबाधातज्ज्ञ करतात. मात्र त्यासाठी निघायला उशीर करायचा नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने अशा बॅटरीचे झाकण अवजाराशिवाय किंवा दोन वेगळ्या हालचाली एकदम केल्याशिवाय उघडू नये, अशी अट घातली. घरात ज्या वस्तूचे झाकण नुसत्या नखाने निघते, ती मुलाच्या हाती लागेल अशा जागी नको. काढलेल्या बॅटरीच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावावी.

ब्लीच कधीही आम्लयुक्त किंवा अमोनियायुक्त क्लीनरबरोबर मिसळू नये, कारण पहिल्यातून क्लोरीन आणि दुसऱ्यातून क्लोरामाइन हे वायू निघतात. तसेच तापाची गोळी आणि सर्दीचे संयुक्त औषध एकदम घेताना दोन्हींच्या लेबलवर पॅरासिटामॉल आहे का हे पाहावे. निरोगी प्रौढासाठीही दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम आहे आणि ती नकळत ओलांडली तर यकृताची हानी होऊ शकते, जी पहिल्या दिवशी जाणवतही नाही.

फोनवर फिरत येणाऱ्या इशाऱ्यांची मला खरोखर चिंता वाटते, कारण ते खऱ्या सूचनांवरचा विश्वास झिजवतात. ‘अमुक गोळी घेऊ नका, विष आहे’ असे लिहिलेल्या संदेशात बॅच नंबर नसेल, तारीख नसेल, कोणत्या संस्थेने सांगितले हे नसेल, तर तो पुढे पाठवण्याआधी नियामकाच्या किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. खरा असेल तर मूळ सूचनाच पाठवावी, नंबरांसकट. म्हणजे वाचणाऱ्याला डब्यातली पट्टी समोर धरून ताडून पाहता येईल.

आपली वस्तू यादीत निघाली, तर ती बाजूला ठेवावी आणि तिच्यावर तसे लिहावे, म्हणजे घरातले दुसरे कोणी ती उचलणार नाही. ती कोणाला देऊ नये, विकू नये, दानही करू नये. कंपनी परत मागत नसेल आणि टाकून द्या म्हणत असेल, तर बिछान्याचे पट्टे कापून, कापड फाडून, ती पुन्हा वापरता येणार नाही अशी करून टाकावी. सदोष लिथियम बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेट घेते, म्हणून ती घेणाऱ्या केंद्रातच द्यावी. एखाद्या वस्तूने इजा केली आणि तिच्याविषयी सूचना निघालेली नसेल, तर तक्रार नियामकाकडेही करावी, केवळ दुकानदाराकडे नको, कारण दुकानदार वस्तू बदलून देतो आणि नोंद तिथेच थांबते. तक्रार निकाली निघेपर्यंत वस्तू धुऊ नये, दुरुस्त करू नये, उघडून पाहू नये. आहे त्या स्थितीत पिशवीत बंद करून ठेवावी, मॉडेल आणि बॅच नंबरचा फोटो काढावा आणि काय घडले, किती वाजता, वस्तू त्या वेळी कशी ठेवलेली होती, हे त्याच दिवशी लिहून काढावे.